हिरवा चौकोन

१

धुळ्याच्या प्लांटमध्ये शालिग्राम अहिरे मेलेला सापडला तेव्हा जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. तिसऱ्या खड्ड्याच्या काठावर तो पालथा पडला होता. डोकं आत लोंबत होतं, पाय बाहेर होते. अंगावर जखम नव्हती. खड्ड्याचं लोखंडी झाकण बाजूला सरकवलेलं होतं.

अनेर ऑइल ही कंपनी सरकीचं तेल काढायची. पेंडीत उरलेलं शेवटचं तेल काढायला पेट्रोलसारखा एक पातळ पदार्थ लागतो. कारखान्यात त्याला सॉल्व्हंट म्हणत. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. कुठे गळती असली की ती जमिनीलगत सरकत जाऊन खड्ड्यांत साठते. माणूस वाकला आणि श्वास भरला, की आवाजसुद्धा न करता कोसळतो.

पण शालिग्रामचं तिथे काही काम नव्हतं. तो आवाराच्या दुसऱ्या टोकाला, गोदामात पेंडीची पोती शिवायचा. म्हणून ऑफिसात लगेच ठरून गेलं की तो सॉल्व्हंट विभागात झोपायला गेला असणार. तिथे गारवा असतो आणि सहसा कोणी फिरकत नाही.

कंपनीचं मुख्य ऑफिस जळगावला एमआयडीसीत होतं. चार दिवसांनी कंपनीच्या मालकांनी, शेठनी, यादव तायड्यांना बोलावून घेतलं. तायडे मूळचे वरणगावचे. सगळी नोकरी त्यांनी कारखान्यांच्या सुरक्षा खात्यात काढली होती. अपघात झाला की जायचं, जागा बघायची, माणसांशी बोलायचं आणि कारण शोधायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर ते जळगावात राहायला आले, आणि गेल्या पावसाळ्यात त्यांची बायको नर्मदाबाई वारली. तेव्हापासून त्यांना ऊन लागे, भूक लागे, पण ते सगळं शेजारच्या कुणाला तरी लागतंय असं वाटे. काम आलं की ते करत. नाही आलं तर बसून राहत.

"कारखाना निरीक्षकांना उत्तर द्यायचंय," शेठ म्हणाले. "मॅनेजर म्हणतो, झोपायला गेला होता. तुम्ही एकदा जाऊन या आणि अहवाल द्या."

"काय लिहायचं ते ठरलंय का?"

"तसं नाही. पण गॅसची सूचना देणारी यंत्रणा आहे आपल्याकडे. कॉम्प्युटरवर आहे. विचारा यांना."

समोर कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख हेमंत फालक बसले होते. चाळिशीचे, कामसू, कायम झोप कमी झालेले.

"गॅस साठला असता तर सूचना आमच्या कॉम्प्युटरवर आली असती," फालक म्हणाले. "त्या दिवशी काहीच आलं नाही."

"म्हणजे गॅस नव्हता."

"तसाच अर्थ होतो."

"मग माणूस कशाने मेला?" तायड्यांनी विचारलं.

फालक शेठकडे बघू लागले. शेठ खिडकीकडे बघत होते.

२

१९९९ साल होतं. वर्ष संपताना सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, असं जो तो म्हणत होता. त्या धास्तीने शेठनी पुण्याहून एक नवं सॉफ्टवेअर आणलं होतं. आपली कंपनी काय काय करू शकते आणि त्यातलं कोणतं काम कोणत्या कॉम्प्युटरवर चालतं, हे सगळं त्यात एका जागी मांडायचं होतं. ते मांडून देण्यासाठी नचिकेत आगाशे नावाचा तरुण पुण्याहून येऊन राहिला होता.

फालकांनी तायड्यांना आपल्या खोलीत नेलं. एसी चालू होता. रंगीत पडद्यावर चौकोनच चौकोन होते.

"प्रत्येक चौकोन म्हणजे कंपनीची एक क्षमता," आगाशे समजावू लागला. "सरकी विकत घेणं, वजन करणं, बिल काढणं, पगार, गॅसवर लक्ष ठेवणं. चौकोन उघडला की ते काम कोणत्या यंत्रावर चालतं, कोण सांभाळतं, त्याला काय सामान लागतं, ते दिसतं. लाल म्हणजे माणूस हाताने करतो. पिवळा म्हणजे अर्धं अर्धं. हिरवा म्हणजे कॉम्प्युटर आपोआप करतो."

"आणि हिरवा झाला की?"

"मग तिथला माणूस मोकळा झाला असं सॉफ्टवेअर धरतं. त्याला दुसरीकडे पाठवता येतं. तेच तर कारण आहे, सर. कुठे काय आहे ते कळल्याशिवाय कंपनी आवरायची कशी?"

धुळ्याच्या रांगेत 'गॅसची सूचना' असा चौकोन होता. हिरवा.

"हा पहिल्यापासून हिरवा होता?"

"नाही," फालक म्हणाले. "लाल होता. धुळ्यात झुलाल कोळी नावाचा माणूस होता. हातात गॅसचा मीटर घेऊन तो तासातासाला खड्ड्यांवरून फेरी मारायचा. संक्रांतीच्या सुमारास चौकोन हिरवा झाला. झुलालची बदली इथे झाली, वजनकाट्यावर."

"हिरवा कोणी केला?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी आगाशे म्हणाला, "धुळ्याच्या नावाने केलेला आहे. पण धुळ्याचा पासवर्ड सगळ्यांना माहीत आहे. कंपनीचंच नाव आहे तो. मी इथे बसून धुळ्याच्या नावाने काहीही बदलू शकतो. फालक सरही."

"आणि धुळ्यात?"

"भारती बोरसे माहिती भरते," फालक म्हणाले. "आणि मॅनेजर मगन पाटील."

तायड्यांनी हिरव्या चौकोनाकडे पाहिलं. ते काही तरी वाटायची वाट बघत होते. काही वाटलं नाही.

"तो मीटर कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "झुलालच्या हातातला."

फालकांचा चेहरा उतरला. ते उठले आणि खोलीच्या कोपऱ्यातलं कपाट त्यांनी उघडलं. खालच्या खणात कातडी पिशवीत मीटर होता.

"हिरवा झाल्यावर सॉफ्टवेअरने तो जादा सामानात दाखवला," ते म्हणाले. "जादा सामान मागवून घ्यायचं, असा नियम आहे. मीच मागवला."

३

दुसऱ्या दिवशी तायडे एस.टी.ने धुळ्याला गेले. पारोळ्याला चहा घेतला, तो अर्धाच प्यायले.

मगन पाटील फाटकावर वाट पाहत उभा होता. पन्नाशीचा, आडव्या बांध्याचा माणूस. कामगार त्याला मगनभाऊ म्हणत. तो तायड्यांना सरळ सॉल्व्हंट विभागात घेऊन गेला.

विभागाच्या दारापाशी तायडे थांबले. "तो सापडला तेव्हा पायांत काय होतं?"

"काही नाही. अनवाणी होता. वहाणा इथे बाहेर होत्या."

"कशा? फेकलेल्या?"

"नाही. भिंतीला लावून ठेवलेल्या."

खिळे मारलेल्या वहाणा होत्या, खेड्यातला चांभार बनवतो तशा. तायड्यांनी दारावरची पाटी वाचली. खिळ्यांच्या वहाणा आत नेऊ नका, ठिणगी उडते, असं त्यावर लिहिलं होतं. पाटी रंग उडून फिकी पडली होती.

चोरून झोपायला जाणारा माणूस आपल्या वहाणा दारात मांडून ठेवत नाही, असं तायड्यांच्या मनात आलं. मुकादम येता-जाता बघेल.

आत तीन खड्डे होते. भिंतीवर प्रत्येक खड्ड्याच्या वर गॅस ओळखणारी एकेक नवी पेटी बसवलेली होती आणि तिच्यात बारीक दिवा जळत होता. तायड्यांनी स्टूल मागवलं, चढले आणि पेटीच्या मागे हात घातला. वायर हाताला लागली. ती त्यांनी हळूहळू ओढली. भिंतीच्या मागे गुंडाळी करून सुतळीने बांधलेली वायर सुटून खाली आली. तिचं टोक मोकळं होतं.

"कॉम्प्युटरला जोडलेलीच नाही ही."

"नाही," मगन म्हणाला. "जोडायला मुंबईहून माणूस येणार होता. आलाच नाही."

"हे तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

तायडे खाली उतरले. तिसऱ्या खड्ड्यापाशी अजून एक वस्तू पडलेली होती. हातभर लांबीचा पितळी आकडा. झाकण उचलायचा.

"हा त्याच्याजवळ होता?"

"हातात होता," मगन म्हणाला.

बाहेर, दाराच्या डाव्या हाताला लोखंडी कांबींचा ढीग होता. कोणतीही कांब उचलली असती तरी झाकण सरकलं असतं. शालिग्रामने पितळ वापरलं होतं, कारण पितळेची ठिणगी उडत नाही. पोती शिवणाऱ्या माणसाला हे कोणी शिकवलं?

४

भारती बोरसे जेमतेम पंचविशीची होती. तिच्या टेबलावरचा कॉम्प्युटर जुना होता, काळा-पांढरा.

"जळगावचे साहेब म्हणतात की तुझ्याकडून चुकून लालचं हिरवं झालं असेल," तायडे म्हणाले.

"मला लाल-हिरवं दिसतच नाही, सर. या पडद्यावर सगळंच राखाडी आहे. मी आकडा टाकते. एक म्हणजे हाताने, तीन म्हणजे कॉम्प्युटर."

"त्या दिवशी तीन टाकलास?"

"सांगितला तो आकडा टाकला."

"कोणी सांगितला?"

तिने ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "माझी नोकरी कच्ची आहे, सर."

तायड्यांनी तिला पुन्हा विचारलं नाही. ते मगनच्या केबिनमध्ये गेले. मगन जेवायला गेला होता. भिंतीत एक कपाट होतं, त्याला कुलूप होतं. बाहेर झाडणाऱ्या इंदिराबाईला त्यांनी विचारलं, "बाई, यात काय असतं?"

"त्यामा ते पिवळं सामान शे, आबा. आकडा, पाना, हातोडी. बठ्ठं पितळनं. झुलाल लई जाये आनि परत ठी जाये."

"चावी?"

"मगनभाऊकडेच. दुसरा कोनाकडे नही."

तायडे मगनच्या खुर्चीसमोर बसून राहिले. बाहेर मोटर चालू होती, तिचा आवाज एकसारखा येत होता. मगन परत आला तेव्हा त्याच्या कमरेला अडकवलेल्या चाव्या वाजल्या. त्याने तायड्यांना कपाटासमोर बसलेलं पाहिलं आणि तो दारातच उभा राहिला.

"शालिग्रामला पितळी आकडा तुम्ही दिलात," तायडे म्हणाले.

मगन आत आला, खुर्चीवर बसला आणि समोरचे कागद सारखे करू लागला.

"लिहा तुम्ही," तो म्हणाला. "झोपायला गेला होता, असंच लिहा. माझ्यासाठी नाही म्हणत मी."

"मग कोणासाठी?"

मगनने नकारार्थी मान हलवली आणि कागदांचा गठ्ठा बांधायला घेतला.

५

शालिग्रामचं घर धुळ्यापासून जवळच्या एका खेड्यात होतं. तायडे रिक्षाने गेले. ओट्यावर बायका बसल्या होत्या, त्या उठून आत गेल्या. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता, आणि खाली शालिग्रामचा, नवा, चौकटीतला.

"जय भीम," तायडे म्हणाले.

"जय भीम भाऊ. बसा." भागाबाईने सतरंजी टाकली. ती चाळिशीच्या आतली होती. डोळे कोरडे होते.

तायड्यांनी अशा खूप ओसऱ्या पाहिल्या होत्या. बाई रडते, शिव्या देते, किंवा माझा माणूस तसा नव्हता म्हणून सांगते. कारखान्याचे लोक म्हणतात ते खोटं आहे, असं प्रत्येक जण म्हणतोच. ते ऐकायची त्यांची तयारी होती.

"कंपनी म्हणते की शालिग्राम कामाच्या वेळी झोपायला गेला होता," ते म्हणाले.

"गया व्हई," भागाबाई म्हणाली.

गेला असेल, असं ही बाईच म्हणत होती; तायड्यांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "तो असा करायचा?"

"मानूस शे भाऊ. झोप येस."

"तसं लिहिलं तर कामावर असताना मेला असं धरणार नाहीत. तुला काही मिळणार नाही. आणि गावात त्याचं नाव तेच राहील."

"लोके म्हंतस तसं लिखी द्या," ती म्हणाली. मग उठून आत गेली आणि चहा घेऊन आली.

तायड्यांनी चहा घेतला. मगन पाटलाने जे सांगितलं तेच ही बाई सांगत होती. एकाने माणूस मरायला पाठवला होता, दुसरीचा माणूस मेला होता. दोघांनाही एकच खोटं हवं होतं. दोघं मिळून कोणाला तरी पाठीशी घालत होती, आणि ते शालिग्रामला नव्हे.

निघताना त्यांनी दारात विचारलं, "झुलाल कोळी येऊन गेला का?"

भागाबाईचा हात दाराच्या चौकटीवर होता. तो तिथेच घट्ट झाला.

"झुलालनं नाव नका काढू भाऊ," ती म्हणाली. "त्याना काहीबी दोष नही."

६

झुलालचं बिऱ्हाड जळगावात, शिवाजीनगरच्या पुलापलीकडे सासूच्या घरी होतं. तायडे पोचले तेव्हा तो आत वाकून बायकोला उचलत होता. लीलाबाई दोन्ही पायांनी लुळी होती. तोंडही एका बाजूला ओढलेलं होतं. झुलालने तिला काखेत हात घालून भिंतीशी टेकवून बसवलं आणि मागे उशी लावली. म्हातारी सासू कमलबाई वाटी घेऊन बाजूला उभी होती. तिचे हात कापत होते.

"मागच्या वर्षी लकवा मारला," झुलाल बाहेर ओट्यावर येऊन म्हणाला. "धुळ्यात माझं कोणी नाही. इथे आणली, तर सासूला उचलवत नाही. मी तिकडे आणि ही इकडे. एकदा दिवसभर ओल्यात पडून राहिली."

"बदली मागितली होतीस?"

"दोनदा. नाही झाली. ऑफिसात म्हणाले, तुझा चौकोन लाल आहे. तू निघालास तर फेरी कोण मारेल."

"मग तो हिरवा झाला."

झुलालने मान खाली घातली.

तायडे हळू बोलत होते, पाढा म्हणावा तसे. "मी कोणाला काय मिळालं ते बघत आलोय. फालक साहेब चौकोन हिरवा करणार नाहीत. हिरवा झाला की यंत्रणा त्यांच्या गळ्यात पडते. न जोडलेल्या वायरीची जबाबदारी कोण घेईल? पुण्याच्या पोराचं काम लाल चौकोनांवर चालतं. जितके लाल, तितके दिवस त्याला इथे ठेवून घेणार. भारतीला काही फायदा नाही, तिने सांगितला आकडा टाकला. राहिला मगन. त्यालाही फायदा नाही. फायदा फक्त तुला आहे. आणि तू कॉम्प्युटरला हात लावत नाहीस."

"मी मगनभाऊंना हिरवा करा म्हणून सांगितलं नव्हतं, आबा. खरंच नव्हतं. मी नुसता रडलो होतो त्यांच्यासमोर."

"शालिग्राम होता तिथे?"

आतून लीलाबाईने काही तरी विचारलं. शब्द कळण्यासारखे नव्हते. "काही नाही," तो आत बघून म्हणाला.

"तोच म्हणाला," झुलाल बोलू लागला. "मगनभाऊंना म्हणाला, वायर जोडेपर्यंत फेरी मी मारतो, याला जाऊ द्या. जेवणाच्या सुट्टीत मारीन, चहाच्या सुट्टीत मारीन. माले म्हणे, जाय तू, मी पाहस. आठ दिवस मी त्याला शिकवलं. वहाणा बाहेर काढायच्या. पितळी आकडा घ्यायचा. आधी मीटर खाली सोडायचा आणि काटा बघायचा. काटा हलला तर वाकायचं नाही, पळायचं. एवढंच शिकवलं."

"मीटर तिथे नव्हता," तायडे म्हणाले.

झुलालने वर पाहिलं.

"इथे आला होता. कॉम्प्युटरच्या खोलीत, कपाटात आहे."

झुलालला हे माहीत नव्हतं. ते त्याच्या तोंडावर दिसलं. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला. रस्त्याने डाळ भरलेला ट्रक गेला. धूळ उडाली, ती ओट्यावर आली आणि बसली.

"म्हणजे तो वाकून वास घेत होता," झुलाल म्हणाला.

७

शेठच्या केबिनमध्ये फालक, आगाशे आणि धुळ्याहून बोलावलेला मगन बसले होते. तायड्यांनी जे घडलं ते पहिल्यापासून सांगितलं.

"चूक म्हणून सोडून देता येईल," शेठ म्हणाले. "ती भारती एकाऐवजी तीन दाबून गेली."

"चूक असती तर मगन पाटील पहिल्याच दिवशी फोन करून ओरडले असते," तायडे म्हणाले. "त्यांचा फेरी मारणारा माणूस काढून घेतला, ते गप्प राहिले. त्यांचा मीटर गाडीत घालून नेला, तरी गप्प. एवढा गप्प माणूस एकाच कारणाने राहतो. जे झालं ते त्याला हवं होतं, किंवा त्यानेच केलेलं होतं."

"मीटर नको होता जायला," मगन म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता. "मला वाटलं, झुलाल तेवढा सुटेल. चौकोन हिरवा केला की सॉफ्टवेअर मीटरसुद्धा ओढून नेईल, हे मला ठाऊक नव्हतं. गाडी आली तेव्हा अडवायला हवी होती. अडवली असती तर सगळं उघडं पडलं असतं. झुलाल परत आला असता. मी शालिग्रामला म्हटलं, दोन दिवस थांब, फेरी मारू नको. तो म्हणाला, फेरी चुकली आणि कोणी मेलं तर? मी पितळी आकडा दिला."

पंखा फिरत होता. आगाशे आपल्या बुटांकडे बघत होता.

"हे सगळं निरीक्षकांना कळवायलाच हवं का?" शेठनी विचारलं. "मेलेला माणूस परत येणार नाही. त्याची बायकोही काही म्हणत नाही, असं तुम्हीच सांगता."

"ती म्हणत नाही, कारण झुलालला परत पाठवतील आणि लीलाबाई पडून राहील, याची तिला भीती आहे. आपल्या नवऱ्याचं नाव तिने त्यापायी टाकलंय. मी दुसरं काही लिहिणार नाही. तुम्हाला दुसरं हवं असेल तर दुसरा माणूस बघा."

"मीटर मी मागवला," फालक अचानक म्हणाले. "फोन करून विचारलं नाही. पडद्यावर हिरवं दिसलं, ते पुरेसं वाटलं. दिवाळीपासून मी धुळ्याला गेलो नाही. तेही लिहा, तायडे साहेब."

"चौकोन लाल करा," शेठ म्हणाले.

फालक शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे वळले. हिरवा चौकोन लाल झाला. त्याच क्षणी खाली एक ओळ उमटली. धुळ्यात एक जागा रिकामी असल्याचं आणि ते काम येणारा एकच माणूस कंपनीत असल्याचं सॉफ्टवेअर सांगत होतं. पुढे झुलाल कोळीचं नाव आलं होतं.

सगळे ते नाव बघत बसले. ते काढायचं कसं, हे आगाशेलाही लगेच सुचेना.

"तिथे माझं नाव टाका," मगन म्हणाला.

"तुम्ही मॅनेजर आहात," शेठ म्हणाले.

"आता नाही राहणार ना. मला पोलिसांत द्या, घरी बसवा, काय करायचं ते करा. पण ते ठरेपर्यंत फेरी कोणी तरी मारायला हवी. आज दुपारीसुद्धा कोणी मारलेली नाही. मीटर द्या, मी शेवटच्या गाडीने परत जातो."

फालकांनी आपल्या खोलीतल्या कपाटातून कातडी पिशवी आणली, मीटर चालू होतो की नाही ते पाहिलं आणि ती मगनच्या हातात दिली.

८

तायडे पुन्हा भागाबाईकडे गेले. अहवाल दिला होता. शालिग्राम अहिरे कामावर असताना, फेरी मारताना मेला, असं त्यात होतं. झुलाल जळगावातच राहणार होता. त्याने स्वतः येऊन निरीक्षकांपुढे सगळं सांगितलं होतं. मगनवर खटला होणार होता.

हे सगळं ऐकून घेतल्यावर भागाबाई म्हणाली, "लीलाबाई कशी शे?"

"बसते आता. भिंतीला टेकून."

"बरं झालं." तिने सतरंजीचं टोक सरळ केलं. "तो घर येये तवय माले सांगे, भाऊ. आज तीन फेऱ्या मारल्या म्हने. माले बठ्ठं माहीत व्हतं. मीच सांगेल व्हतं त्याले, कर म्हनीसन. मी नही म्हनती तर तो नही करता."

आयुष्यभर तायडे अशा वेळी एक वाक्य म्हणत आले होते, यात तुमचा दोष नाही. ते वाक्य त्यांनी तोंडात आणलं आणि गिळलं.

"तुला आणखी काही हवंय का?" त्यांनी विचारलं. "कंपनीला सांगतो."

"कंपनी देई ते देई," ती म्हणाली. "कागद कोन वाचस? पन तिथे बठ्ठा मानसे म्हंतस, शालिग्राम झोपाले गयथा. त्यास्ना समोर एकदाव सांगा. तोंडवर सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारची पाळी लागायच्या वेळी तायडे धुळ्याच्या फाटकावर उभे राहिले. पहिल्या पाळीचे लोक बाहेर पडत होते, दुसरीचे आत येत होते. तायड्यांनी त्यांना थांबायला सांगितलं. लोक थांबले. कोणी डबा खाली ठेवला, कोणी सायकल भिंतीला लावली. भारती ऑफिसच्या पायरीवर आली. मगन सॉल्व्हंट विभागाच्या दारात अनवाणी उभा होता, गळ्यात मीटरची पिशवी अडकवून.

"शालिग्राम अहिरे झोपायला गेला नव्हता," तायडे म्हणाले. त्यांचा आवाज मोठा नव्हता, म्हणून लोक जवळ सरकले. "झुलालच्या बायकोला सांभाळायला कोणी नव्हतं. झुलालला जाता यावं म्हणून त्याची फेरी शालिग्राम आपल्या जेवणाच्या सुट्टीत मारत होता. हातात मीटर नव्हता, तरी मारत होता. तुम्ही आत काम करत होता म्हणून मारत होता. तो फेरीवर मेला."

पोती शिवणाऱ्यांतल्या एकाने डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. मग भोंगा झाला. दुसऱ्या पाळीचे लोक आत गेले, पहिलीचे घराकडे निघाले.

तायडे फाटकावरच उभे राहिले. त्यांना जळगावची गाडी पकडायची होती. त्यांनी फाटकाचा गज धरला. उन्हात तापलेला होता. हात भाजला, त्यांचाच, तरी त्यांनी गज लगेच सोडला नाही.